पत्ते कुणी वाटले?

मँचेस्टरच्या एका कॅसिनोत, भर दुपारी, एका चिनी आजींनी मला पत्त्यांचा एक नवा खेळ शिकवला. त्यांचं नाव मी विचारलं नाही. प्रत्येक डावाचा निकाल त्या लाल-निळ्या पेन्सिलीने कार्डावर टिपत होत्या.

"यावरून पुढचा डाव कळतो?" मी विचारलं.

"छे! हाताला चाळा."

खेळ सोपा होता. बाजू दोन, जिची बेरीज नवाच्या जास्त जवळ, ती जिंकली. आपण फक्त बाजू निवडायची, पत्त्यांना हातही लावायचा नाही. नवख्याचं नशीब जोरावर असतं म्हणून आजींनी माझ्याच बाजूवर चिप ठेवली. आम्ही हरलो.

"सॉरी," मी लगेच म्हणालो. आमच्या घरी मेंढीकोटचा डाव गेला की भिडूची माफी मागावीच लागे. नाहीतर 'दस्सा का टाकलास?' म्हणून काका जेवण होईपर्यंत सोडत नसत.

आजी चहाचा कप दोन्ही हातांत धरून माझ्याकडे बघत राहिल्या. "सॉरी कशाला? पत्ते तू वाटलेस?"

त्याच महिन्यात परदेशी डॉक्टरांसाठीचे नियम अचानक बदलले होते आणि माझी ठरलेली नोकरी गेली होती. तुला उगाच इथे आणलं, म्हणून मी बायकोला रोज सॉरी म्हणत होतो.

परतताना ट्रॅममध्ये मला कित्येक दिवसांनी इतकी गाढ झोप लागली की माझा स्टॉप निघून गेला. घरी पोचल्यावर आजींचं वाक्य बायकोला सांगितलं.

ती वैतागली. "मग पंधरा दिवस मी वेगळं काय सांगत होते?"