गाठीतली मुदी

बोटात घालायची एवढीशी चीज, पण तिला नावं किती! युसूफ वडगाव हे माझं माहेर, तिथं आमच्या घरी तिला मुदी म्हणत. शेजारची चाची अंगूठी म्हणायची. नुसती तार वळवून केलेली असली की सोनार तिला वेढं म्हणायचा. माझा नवरा उर्दू शाळेत चार इयत्ता शिकलेला, तो ऐटीत अंगुश्तरी म्हणायचा आणि मला हसू आवरायचं नाही. अंगठी म्हणावं तर त्या नावात सरळ अंगठाच येऊन बसलाय, पण अंगठ्यात ती घालतं कोण? हे मी पुष्कळांना विचारलं, कुणाला धड सांगता आलं नाही. माझ्या लग्नात मात्र असल्याच एका मुदीनं आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लावलाता.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-नवरीचा खेळ असायचा. परातीत हळदीचं पाणी करायचं, त्यात मुदी आणि सुपारी टाकायची आणि दोघांनी हात घालून मुदी शोधायची. जिला-ज्याला सापडली, त्याचं घरात चालणार म्हणे. आमच्याकडं सोन्याची मुदी नव्हती. चाचीनं आपल्या बोटातली काढून दिली. तिचा नवरा हैदराबादला फौजेत होता. निकाहात त्यानंच ती तिच्या बोटात घातलेली, आणि नेमका उद्याच तो रजेवर यायचा होता. माणूस लई तापट, बायकोचं बोट मोकळं दिसलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. खेळ झाला की तशीच हातात आणून देते, असं आईनं चाचीला सांगितलं होतं.

खेळ झाला. मुदी मलाच सापडत राहिली आणि नवरा हिरमुसला. शेवटी त्याला सापडावी म्हणून मी ती पुन्हा पाण्यात सोडली, पण तेवढ्यात सगळे हसत जेवायला उठले. आमच्या घरची रीत अशी, की खेळ संपल्यावर परातीतलीच सुपारी काढून माझ्या पदराच्या आणि नवऱ्याच्या शेल्याच्या गाठीत बांधायची. ती गाठ सुटायची ती थेट सासरच्या देवापुढं. मामीनं ती बांधली. मग कुणीतरी परात लिंबाच्या बुडाशी ओतली.

गाड्या जुंपल्या तेव्हा चाची मुदी न्यायला आली आणि मुदी कुठं दिसेना. लिंबाखालची माती चाळणीनं चाळून झाली. आईच्या तोंडचं पाणी पळालं. आमच्याच एका नातलगबाईनं वऱ्हाडातल्या बायकांकडं तिरक्या नजरेनं बघितलं, तेव्हा तर मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सासू गाडीत बसून सगळं बघत होती. तिच्या तिखट जिभेची कीर्ती सासरच्या गावाहून, चौसाळ्याहून, आमच्यापर्यंत पोचलेली. मी मनातून आधीच तिला लई भ्यायलेले.

घाबरून मी पदराची गाठ चाचपत बसले आणि हाताला सुपारीशेजारी काहीतरी गोल, कडक लागलं. मामीला डोळ्यानं कमी दिसायचं. गढूळ पाण्यात हात घालून तिनं तळाचं मूठभर उचललं होतं आणि तसंच बांधून टाकलं होतं. मी आईला जवळ ओढून हळूच सांगितलं, "आये, मुदी गाठीत हाय."

आई क्षणभर हसली आणि मग तिचा चेहरा पुन्हा पडला. गाठ सोडायची कशी? थोरले काका म्हणाले, भलतंच काही करू नका, पोरीच्या संसाराचा सवाल आहे. चौसाळ्याला देवापुढं गाठ सुटली की माणसाबरोबर मुदी परत येईल. पण त्याला चार-आठ दिवस लागणार आणि चाचीचा नवरा तर उद्या दारात. चाची बिचारी जाऊ द्या म्हणाली. म्हणताना ती मोकळं बोट दुसऱ्या हातानं झाकत होती. मला इतकं वाईट वाटलं की बोलायची सोय असती तर मीच गाठ सोडा म्हणाले असते. पण नव्या नवरीनं चारचौघांत तोंड उघडायचं नसतं.

तेवढ्यात सासू गाडीतून उतरली. पदर खोचला आणि सरळ माझ्यापुढं येऊन बसली. काका पुढं झाले तर तिनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. गाठ ओली होऊन घट्ट बसलेली, नखानं सुटेना, तर दातानं सोडली. मुदी पदरानं पुसली आणि चाचीच्या हातावर ठेवली. सुपारी परत घालून गाठ पहिल्यापेक्षा घट्ट बांधली.

"आता कुणी तोंड पाडू नका," ती म्हणाली. "एका बाईचं घर मोडून माझ्या सुनंचं बसायचं न्हाई. देवाला काय सांगायचं ते मी सांगते."

चाचीनं मुदी बोटात घातली आणि तिथंच, माझ्या सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. सासू तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

गाड्या निघाल्या आणि मला हुंदका आवरेना. माहेर सुटतंय म्हणून पोर रडतीय, असं मागं राहिलेल्या बायकांना वाटलं असणार. वाटू दे. मी सासूला खेटून बसले होते आणि माझी भीती पार गेली होती.