रिकामी राहिलेली तारीख

लिफ्टच्या कामात फोरमनचा हात धरणारा कोणी नव्हता. पण ‘काम संपलं’ म्हणायला त्याची जीभ वळत नसे. घरी नळ दुरुस्त करायला बसला तरी बायको म्हणायची, “बसलात खरे, उठणार कधी तेवढं सांगा.”

बांबू त्याचा जुना जोडीदार. ताडमाड उंच, म्हणून बांबू. दोघं एकाच वेळी हेल्पर म्हणून लागले. पुढे एकाला खुर्ची मिळाली. दुसऱ्याने पाना सोडला नाही.

शहरातल्या हॉस्पिटलची एक लिफ्ट बदलायला काढली, तेव्हा उरलेल्या एकीवर सगळा भार आला. करारात नवी अट पडली: तक्रार आली की अर्ध्या तासात माणूस पोचलाच पाहिजे. एरवी अर्धा दिवस चालायचा. ही अट कॉम्प्युटरवर चढवायचं काम फोरमनचं. कोण जाणार, किती वेळात, कुठल्या तारखेपासून, कुठल्या तारखेपर्यंत. त्याने बांबूचं नाव घातलं, सुरुवातीची तारीख टाकली आणि शेवटची रिकामी सोडली. नवी लिफ्ट कधी लागेल याचा भरवसा नव्हता. शिवाय कामाआधीच शेवट लिहिणं त्याला कामचुकारपणा वाटे.

नवी लिफ्ट लागली. फोरमनने स्वतः तपासून ती चालू केली. पण रिकामी तारीख रिकामीच राहिली, आणि अर्ध्या तासाची अट चालूच राहिली. बटणाचा दिवा गेला, पंखा खरखरला, तरी बांबूचा फोन वाजायचा. मशीन रूम गच्चीवर. दुरुस्तीपुरती एक लिफ्ट बंद, दुसरी पेशंटांसाठी, मेकॅनिकला जिना. आणि अर्ध्या तासाचा धाक असला की माणूस जिना चढत नाही, पळतो.

महिन्याच्या महिन्याला वेळेत पोचण्याचा हॉस्पिटलचा आकडा अव्वल यायचा. फोरमन खूश. “बांबू, तुझ्यासारखा गडी नाही!”

“गुडघे बोलायला लागलेत रे.”

“बोलू दे. तू उत्तर देऊ नकोस.”

दोघंही हसले होते. नंतर फोरमनला ते हसणंच जास्त लागलं.

वर्ष सरता सरता डॉक्टरांनी बांबूला जिना बंद केला. मेकॅनिकला जिना बंद म्हणजे नोकरीच बंद. त्याच्या जागी दुसऱ्या विभागातला मेकॅनिक आला. तो जुनं खोड, पहिल्याच फेरीनंतर टेबलाशी येऊन उभा राहिला. “दोन्ही लिफ्ट ठणठणीत आहेत. मग ही घोडदौड कशाला?”

फोरमनने कॉम्प्युटरवर ती नोंद उघडली. शेवटची तारीख रिकामीच होती. नवी लिफ्ट लागली त्या दिवसाची तारीख त्याने तिथे टाकली. कॉम्प्युटरने मागची तारीख मुकाट घेतली. गुडघे घेणार नव्हते.

संध्याकाळी तो बांबूकडे गेला. तिसरा मजला, इमारतीला लिफ्ट नाही. वहिनींनी दार उघडलं. “या भावजी. हे खिडकीत आहेत. आता तेच यांचं फिरणं.”

फोरमनने आडपडदा न ठेवता सांगितलं. बांबू खिडकीबाहेर बघत राहिला.

“मला वाटलं, तुलाच तसं हवंय,” तो म्हणाला. “खुर्चीवर तू. तुझं नाव राहावं म्हणून पळत होतो.”

“एकदा तोंड उघडायचंस, लेका.”

“उघडलं होतं की. तू म्हणालास, उत्तर देऊ नकोस.”

वहिनी आत निघून गेल्या.

“रविवारी येतो,” फोरमन म्हणाला. “धरून खाली नेतो. थोडं बाहेर बसू.”

“आणि वर कोण आणणार?”

“मीच.”

“तुझंही वय झालंय. किती दिवस जमेल?” बांबू पहिल्यांदा त्याच्याकडे वळला. “या वेळी आधी शेवटची तारीख सांग.”

फोरमनला ती सांगता आली नाही. तो उठला आणि कठड्याला धरून, एकेक पायरी मोजून टाकत खाली उतरला.