पत्रा पकडतो, आम्ही मोजतो

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. लॅबमधल्या जुन्या वायरींसारखे ते साचत जातात, एक ओढायला जावं तर चार निघतात. मी गडचिरोलीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आमच्याकडे मेणाने भरलेला एक ड्रम आहे आणि त्याच्या पोटात अंगठ्याएवढा न्यूट्रॉनचा स्रोत. तो रात्रंदिवस न्यूट्रॉन सोडतो, रविवारीसुद्धा. अख्ख्या कॉलेजात रजा न घेणारा तेवढा एकच!

ड्रममधल्या खाचेत चांदीचा पातळ पत्रा ठेवला की चांदीचे अणू काही न्यूट्रॉन पकडतात आणि किरणोत्सारी होतात. मग पत्रा किरणोत्सार मोजणाऱ्या काउंटरखाली धरायचा, म्हणजे किती पकडले ते कळतं. आमच्या सुजाताची पीएचडी याच मोजण्यावर उभी होती.

*

सुजाता नागभीडकडची. वडिलांची धानाची शेती. त्यांनी एकदा विचारलं, "तू न्यूट्रॉन पकडते म्हणते, मंग ठेवते कुठी?"

"मी नाई पकडत बाबा. पत्रा पकडते, मी मोजतो."

बाबा विचारात पडले. "मंग पीएचडी तुले भेटन का पत्र्याले?"

*

पत्रा आणायला आम्ही सोनाराकडे गेलो. त्याने काळजीने विचारलं, "चांदी खराब नाई ना होनार?"

सुजाता खोटं बोलत नाही. म्हणाली, "अगदी थोडीशी. काही अणूंचं कॅडमियम होते."

सोनाराने तराजू खाली ठेवला. "आम्ही हेच केलं तं गिऱ्हाईक पोलिसात जाते!"

*

पत्र्यातला किरणोत्सार पंचवीसेक सेकंदांत निम्मा होतो. काउंटर मात्र व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, कारण ड्रमजवळ ठेवला तर तो ड्रमचंच मोजत बसतो. म्हणून सुजाता पत्रा घेऊन धूम पळायची. एकदा प्राचार्य समोर आले.

"काऊन पळून राह्यली?"

"सर, अर्धं मेलं!" ती न थांबता ओरडली.

प्राचार्यही मागे पळाले, "कोण? कोण?" रामटेके मॅडम आमच्या विभागप्रमुख. त्यांनी सरांना पाणी दिलं, खुर्ची दिली आणि पत्रा दाखवला.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस : 'व्हरांड्यात सुजाताला वाट द्यावी.'

*

आणखी एक. ऑफिसने पंखा दुरुस्तीला इलेक्ट्रिशियन पाठवला. तो तडक ड्रमच्या खोलीत शिरायला लागला. दारावर किरणोत्साराची पिवळी पाटी, तीन पात्यांची. मी अडवलं तर माझ्यावरच चिडला, "पंख्याची पाटी तुम्हीच लावली ना जी?"

*

दिवाळीनंतर मात्र हसू पळालं. सुजाताचे आकडे अचानक खाली आले. तिने काउंटर बदलला, पत्रा बदलला, आकडा हलेना. थिसिस द्यायला थोडेच दिवस उरले होते. ती डबासुद्धा उघडत नव्हती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

एके दिवशी पत्रा काढताना तिच्या बोटाला पांढरं काहीतरी लागलं. तिने लॅब अटेंडंट दादाजीभाऊंना विचारलं.

"बोरिक पावडर," भाऊ अभिमानाने म्हणाले. "सुट्टीत झुरळं लय झाले होते. त्या खाचेत चांगली दाबून टाकली म्या."

बोरिक पावडरमध्ये बोरॉन असतं आणि बोरॉनइतकं न्यूट्रॉनखाऊ फार थोडं असतं. पातळसा थरही पुरतो. म्हणजे न्यूट्रॉन पत्र्यापर्यंत पोचण्याआधीच फस्त होत होते. सुजाता पायरीवर बसून रडली. भाऊंनी त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही.

मॅडम दोघांनाही रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "खाच साफ करून आधी चांदीचं मोज. मग तीच पावडर तोलून तोलून टाक आणि बोरॉन किती खातो तेही मोज. थिसिसमध्ये एक प्रकरण वाढव."

साफ खाचेत चांदीचा आकडा जागेवर आला. पावडरचं प्रकरणही झालं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. मोठा कडक माणूस. तासभर त्यांनी सुजाताला धारेवर धरलं. मग पावडरच्या प्रकरणावर येऊन थांबले, दोनदा पानं उलटली. "हे सगळ्यात चांगलं काम आहे. ही बोरॉनची कल्पना कोणाची?"

सुजाताने चहाचा ट्रे घेऊन आलेल्या माणसाकडे बोट दाखवलं. "सर, या दादाजीभाऊंची."

परीक्षक चष्मा काढून उभेच राहिले. "तुमची?"

"हो जी," भाऊ ट्रे सावरत म्हणाले. "पन झुरळं काई मेले नाई."