मावशींचं नेमणूकपत्र

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, रत्नागिरीतल्या आमच्या संस्थेत आता कर्मचारी आहेत. याआधी बावीस वर्षं नव्हते. याआधी आम्ही 'एक कुटुंब' होतो, आणि कुटुंबात कोण कोणाला नेमणूकपत्र देतं?

आमची विशेष मुलांची शाळा. मी तिचा व्यवस्थापक, म्हणजे पंखा बंद पडला की सगळे ज्याच्याकडे बघतात तो. कामगार कायद्याचे सल्लागार आले, दोनदा चहा प्यायले आणि प्रत्येकाला लेखी पत्र द्या म्हणाले. एक नमुनाही देऊन गेले. शाळा सुटली की मी बसायचो. नाव बदल, जन्मतारीख बदल, बाकी मजकूर तोच. तीन आठवड्यांत एकवीस पत्रं झाली, तोवर माझी मान, डोळे आणि कुटुंबाविषयीचा जिव्हाळा, सगळंच आखडलं होतं.

सगळ्यात जास्त वाट बघत होत्या मावशी. त्या सावर्ड्याकडच्या. शाळा उघडली त्या दिवसापासून मुलांना भरवतात, उचलतात, न्हाऊ घालतात. पाठीत कळ न येता मूल कसं उचलायचं, हे मलाही त्यांनीच शिकवलं. मुंबईचा मुलगा त्यांना सारखा म्हणे, ती काय नोकरी आहे का, गाशा गुंडाळ आणि इकडे ये. त्याला दाखवायला त्यांना कागद हवा होता.

अध्यक्षांनी समारंभच ठेवला. नारळ, गुलाब, पत्र. मावशी प्लास्टिकची फाइल घेऊनच आल्या. चष्मा घरी राहिला म्हणून पत्र मलाच वाचायला लावलं. मी हौशी माणूस; घसा खाकरून, हात वर करून दरबारात वाचावं तसं वाचू लागलो. पहिले सहा महिने परिवीक्षा, म्हणजे तुमचं काम बघून कायम करायचं की नाही ते आम्ही ठरवणार, असं समजावूनही सांगितलं. पुढचं कलम, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती. वर त्यांची जन्मतारीख, मीच घातलेली. माझा वर केलेला हात खाली आला. अठ्ठावन्न पुरी व्हायला त्यांना चारच महिने राहिले होते.

अध्यक्ष छताकडे बघू लागले. समारंभाला आलेले सल्लागार म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. मावशींनी बोटांवर महिने मोजले आणि नारळ टेबलावर परत ठेवला.

"म्हणजे पास झाले तरी घरी, नापास झाले तरी घरी," त्या मला म्हणाल्या. "मग मेल्या, परीक्षा घेतोस कशाला?"