गाडीतला गोड वास

मी काही पटकन हात जोडणाऱ्यातला माणूस नाही. आमच्या गिरगावच्या घरात दत्तगुरूंची उपासना आईची. मी आपला गुरुवारी पेढा खाण्यापुरता भक्त. तरी हे लिहायला बसलोय, कारण इतके महिने झाले तरी घडलं त्याचा अर्थ मला नीटसा लागलेला नाही.

आईच्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि परळच्या हॉस्पिटलात रोज रेडिएशनचे शेक घ्यायचे ठरले. आई म्हणाली, आता पुरे, महाराज नेतील तेव्हा नेतील. मी समजावलं, चिडलो, एकदा तर भरल्या ताटावरून उठलो. ती ढिम्म. शेवटी मी म्हटलं, डॉक्टरांना तूच तोंडावर नाही सांग, आणि एवढ्या बोलीवर ती गाडीत बसली. गाडी वडिलांची, वीस वर्षांची जुनी. त्या आठवड्यात तिला नवीनच खोड लागली होती. सिग्नलला उभी राहिली की नुसती थरथरायची, हुडहुडी भरल्यासारखी. भायखळ्याच्या सिग्नलला ती तशीच थरथरत होती आणि आतमध्ये एक गोड, मंद वास पसरला. ना उदबत्तीचा, ना फुलांचा. आईने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाली, "महाराज आलेत गाडीत. चल, घेते मी शेक."

आमच्याकडे अचानक सुगंध आला की महाराज येऊन गेले असं मानतात. लहानपणापासून ऐकत आलोय, पण स्वतःच्या नाकाने घेतला तो पहिल्यांदा. खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. पुढे रोज तो वास यायचा आणि रोज आई बिनतक्रार यायची. पुढच्या काचेवर आतून चिकट धुकं धरायचं, ते मी भक्तिभावाने पुसायचो. पायाखालची चटई ओली लागायची. मला वाटलं, आईच्या तीर्थाच्या बाटलीचं झाकण सैल झालं असेल. इंजिन तापतंय, तापमानाचा काटा वर चढतोय, हेही दिसत होतं. पण बॉनेट उघडायची हिंमत होईना. चाललंय ते चालू दे, म्हटलं. उगाच हात लावून सगळं बिघडायला नको.

बारा शेक राहिले होते त्या दिवशी गाडी हॉस्पिटलच्या अलीकडे बंदच पडली. बॉनेटमधून वाफ येत होती. आईला उतरवून धरू की गाडी बाजूला घेऊ, मला काही सुचेना. मागून एक टॅक्सीवाले उतरले. सत्तरीचे, मालवणकडचे. त्यांनी गाडी ढकलून कडेला लावून दिली आणि म्हणाले, आधी आईला आत ने, मी आहे इथे. आईला आत सोडून मी परत आलो तेव्हा इंजिन निवलं होतं आणि ते आतमध्ये वाकून ओली चटई हुंगत होते.

मी त्यांना वासाची हकिगत सांगितली. का सांगितली कोण जाणे. ते हसले नाहीत. म्हणाले, "ह्यो कूलंटाचो वास, बाबा, इंजिन थंड रवाक पाण्यात घालतत त्या औषधाचो. आतली हीटरची जाळी गळताहा. म्हातारेक ह्या वासात बसवू नको."

इतके दिवस मी आजारी आईला त्या वाफेत बसवून नेत होतो. आणि आता वास बंद केला तर उद्या ती येणार कशी? क्षणभर, लाज वाटते सांगायला, राहू दे म्हणावंसं वाटलं. पण मी बॉनेट उघडून दिलं. त्यांनी हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या काढून एकमेकींना जोडल्या. मुंबईत हीटर हवाय कोणाला, म्हणाले. हवेची एक रबरी नळी फाटली होती, तिला पट्टी गुंडाळली. पाणी भरलं. गाडी सुरू केली तर थरथर गायब. ते अदृश्य वगैरे झाले नाहीत हं. आजही तिथल्याच स्टँडवर तंबाखू मळत उभे असतात.

मी चटई फेकली, गाडी आतून धुऊन काढली. दुसऱ्या दिवशी भायखळ्याच्या सिग्नलला गाडी शांत उभी राहिली. आई म्हणाली, "आज वास नाही रे." मग मी रस्त्याकडे बघतच सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता म्हणणार, गाडी वळव.

"म्हणजे इतके दिवस मला कूलंट नेत होतं?" ती म्हणाली आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा खळखळून हसली. मग पदर सावरून म्हणाली, "बरं, सिग्नल सुटलाय. चल, उशीर होतोय."

उरलेले अकराही शेक तिने घेतले.

ती जाळी नेमकी त्याच आठवड्यात का गळली, आणि वास गेल्यावरही आई का आली, मला कळत नाही. आईला विचारलं तर म्हणते, तुला कशाला पंचाईत, तू गाडी चालव. तेवढं मी करतो. रोज सकाळी इंजिन थंड असताना झाकण उघडून पाणी बघतो. तोच गोड वास येतो. तो कशाचा, हे आता मला पक्कं ठाऊक आहे. तरी हात जोडले जातात, तसेच, काळे, तेलकट.