बनुबाईचा खुणेचा किडा

"सांगलीच्या संग्रहालयात माजं नाव लागणार हाय. काचंच्या आत!" बनुबाईनं कवठे महांकाळच्या अख्ख्या बाजाराला सांगून टाकलं होतं. कशाखाली लागणार, ते मात्र जरा हळू सांगायची. शेणकिड्याखाली!

"लोकांच्या नावाला हार, हिच्या नावाला शेण," जाऊ सुलाबाईनं टोमणा हाणलाच.

झालं होतं असं. किड्यांवर जीव टाकणारी संग्रहालयातली क्रांती मॅडम मेंढरांच्या तळावर येऊन डबी देऊन गेली. "मावशी, संग्रहात नसलेला शेणकिडा आणलात, तर त्याच्या खालच्या चिठ्ठीवर तुमचं नाव." साठ वर्षांत बनुबाईचं नाव रेशनकार्डाबाहेर गेलं नव्हतं. ती पेटलीच! नवरा बिराप्पा मेंढरं राखी, ही लेंड्या उकरी.

एक किडा सापडला, तशी डबी घेऊन दोघं सांगलीला पोचली. क्रांतीनं भिंग लावलं आणि किंचाळलीच, "मावशी! पाठीवर तांबडा ठिपका! असा एकही नाही आपल्याकडं!" चहा आला. चिठ्ठी आली.

बनुबाईनं कप तोंडापासून खाली घेतला. ठिपका तिनंच लावलेला. नवं कोकरू दुसऱ्याच्या कळपात मिसळू नये म्हणून रंगाची खूण करायची, ही तिच्या हाताची जन्माची खोड. सापडल्याबरोबर किड्यालाही रंगाचं बोट टेकवलं होतं.

"सांग की," बिराप्पानं कोपर मारलं.

"गप बसा वो!"

क्रांतीनं चिठ्ठीवर 'ब' काढला, तशी मात्र बाईला राहवेना. "थांबा बाई. त्यो ठिपका माजा हाय."

क्रांतीनं स्पिरिटचा बोळा फिरवला. अर्धा ठिपका निघाला. खाली साधा काळा किडा. तसले चाळीस पेटीत पडून. क्रांतीचं तोंड उतरलं. बिराप्पा मात्र पोट धरून हसायला लागला.

"दात काय काढताय?" बनुबाई कडाडली. "नागजच्या माळावर खूण केली, तर डबीतनं पळाला. चार दिसांनी पुढच्या तळावर, दोन कोसांवर, माज्याच मेंढरांच्या लेंड्यांत गावला. चुकलेलं मेंढरू यावं तसा!"

क्रांतीनं बोळा निखारा असल्यागत टाकला. "तोच किडा? दोन कोस? कळपामागं? मावशी, हे किडे किती लांब जातात, तेच तर आम्हाला कळत नव्हतं!" तिनं घाईघाईनं चिठ्ठी पुरी केली: खूण केली बनुबाईनं, परत शोधला बनुबाईनं. एका चिठ्ठीवर दोनदा नाव!

"अजून शंभर किड्यांना खूण कराल?"

"दिसाला दोनशे मेंढरांस्नी खूण करते मी. ह्यास्नी तर शिंगंबी न्हाईत."

"काहींना असतात, मावशी."

"शिंगं? किड्याला?" बनुबाईनं चहा बिराप्पाच्या हातात कोंबला आणि भिंगावर डोळा टेकवला. "दावा, दावा लवकर!"