ग्रीस दिसलंच पाहिजे!

माझी थोरली बहीण शांताक्का सातवीनंतर शाळेत गेली नाही. हातकणंगल्याच्या आमच्या घरातून एकालाच पुढं शिकवणं शक्य होतं. तिनं मला पुढं केलं. मी घरातला पहिला इंजिनियर झालो तो तिच्यामुळं.

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात कळंब्याच्या रस्त्यावर एका वर्कशॉपमध्ये मी सुपरवायझर होतो, अजून प्रोबेशनवर. एका सकाळी शाळेच्या बसचे ड्रायव्हर महादूमामा गाडीखालून ओरडतच बाहेर आले.

"ओ इंजिनियर, ग्रीस मारलंय कुठं? निप्पल कोरडं ठणठणीत हाय की!"

निप्पल म्हणजे सांध्यात ग्रीस सोडायचं बारीक तोंड. मी ते मुद्दाम पुसलं होतं. बाहेर राहिलेल्या ग्रीसला धूळ चिकटते आणि पुढच्या वेळी तीच आत जाते. पण आमच्या वर्कशॉपची रीत उलटी. निप्पलवर बोटानं ग्रीसचा गोळा फासायचा. ड्रायव्हर वाकून बघणार, गोळा दिसला की खूश. मग ग्रीस दाबून आत सोडायची गन कशाला लागते? ती कोपऱ्यात पडून होती. मी हातात घेतली तेव्हा लिव्हर कितीही मारला तरी काही येईना. आत ग्रीस होतं, पण भरताना हवा अडकलेली. मी मागचा दांडा ओढून अडकवला, डोकं उघडलं, ग्रीस दाबून दाबून भरलं, हवा काढली. मग धार आली.

आरडाओरडा ऐकून मालक आण्णा आले.

"इंजिनियर, वरनं जरा फासा आन् गाडी सोडा."

"नाही फासणार, आण्णा. मामा, तुम्हीच गन मारून बघा."

मामांनी गन लावली. दोन दाबांतच पुढच्या चाकाच्या सांध्यातून ताजं, पिवळं ग्रीस बाहेर आलं.

"व्हय की! भरलंय."

शेजारी त्याच शाळेची दुसरी बस उभी होती. दुसऱ्या दिवशी तिच्यातून पोरं पन्हाळ्याला जायची होती. फिटरनं तिला गोळे फासून ठेवले होते. मी गन घेऊन तिकडं वळलो.

"ती झालीय! तिला हात लावायचा न्हाय," आण्णा गरजले. "लावलासा तर उद्यापास्नं येऊ नका."

मी गोळा पुसला आणि गन लावली. सांध्यातून गंजाचा तांबडा भुगा बाहेर आला. मामा आण्णांकडं वळले.

"आन् ह्यात पोरं बसवून घाट चढायचा व्हता व्हय, आण्णा?"

आण्णा माझ्याकडं बघत म्हणाले, "ऐकू आलं न्हवं मघाशी?"

"आलं. एवढी गाडी पुरी करतो आणि जातो."

सगळे सांधे भरले, निप्पलं पुसली आणि निघालो. दोन दिवसांनी अक्काला पत्र टाकलं.

ती. शांताक्कास सविनय जय भीम.

नोकरी गेली. चोरी केली नाही, मारामारी केली नाही. पोरं पन्हाळा बघून सुखरूप परत आली, एवढं महादूमामांकडून कळलं. ग्रीस आत जावं लागतं, हे सांगितलं म्हणून माणसाला घरी बसवतात. कॉलेजात हे शिकवलं नव्हतं, आता शिकलो. भाऊजी म्हणतील, माफी मागून परत जा. त्यांना सांग, जाणार नाही. कोल्हापुरात वर्कशॉपं पुष्कळ आहेत आणि जिथं लागेन तिथं मी निप्पल पुसूनच गाडी देणार.

रविवारी येतो. भाकरी नेहमीइतक्याच टाक. नोकरी गेली म्हणून भूक गेलेली नाही.

तुझा धाकटा